फाईल उघडते, तरी ‘इनव्हॅलिड’ का?

फाईल माझ्या कॉम्प्युटरवर तर उघडते, सगळे आकडे दिसतात, मग पोर्टल ती घेत का नाही? जुलैअखेर आयकर विवरणपत्राची मुदत जवळ आली की उदगीरमधल्या कर सल्लागारांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. मोंढ्यातला आडत्या विचारतो, निवृत्त शिक्षक विचारतात, टॅलीवर नोंदी करायला नुकतीच बसलेली मुलंही विचारतात. ‘इनव्हॅलिड’ हा शब्द दिसला की हिशोबच चुकला असं वाटतं. हिशोब बहुधा ठीक असतो. नकार आलेला असतो तो माहितीच्या मांडणीला. ही मांडणी कुणी ठरवली, ती तपासतं कोण आणि त्या तपासणीतून काय निसटतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

१. पट्टी यंत्राला कशी वाचून दाखवायची?

शेतकऱ्यानं सोयाबीन विकलं की आडत दुकानातून त्याला हिशोबपट्टी मिळते. तारीख, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली हातात पडणारी रक्कम. कागदावर हे कुठंही लिहिलेलं असलं तरी मुनीम आणि शेतकरी दोघांना कळतं. ‘४२००’ हा भाव आणि ‘८.४०’ हे वजन, हे त्यांना सांगावं लागत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक आकड्यामागं तो कशाचा आहे ते लिहून द्यावं लागतं. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर त्याचं नाव लिहिण्याची पद्धत. पट्टी अशी दिसेल:

<पट्टी>
  <तारीख>2024-11-18</तारीख>
  <गाव>देवर्जन</गाव>
  <माल>सोयाबीन</माल>
  <वजन>8.40</वजन>
  <दर>4200</दर>
  <रक्कम>35280</रक्कम>
  <वजावट कशाची="हमाली">126</वजावट>
  <वजावट कशाची="तोलाई">84</वजावट>
  <निव्वळ>35070</निव्वळ>
</पट्टी>

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. वजन क्विंटलमध्ये, दर एका क्विंटलचा. कंसातल्या नावांना टॅग म्हणतात. तिरपी रेघ असलेला टॅग म्हणजे ‘हा तुकडा इथं संपला’. टॅग इंग्रजीतच हवेत असं मुळीच नाही. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं एक्सएमएल जाहीर केलं, तेव्हापासून त्यात देवनागरी नावं चालतात. आपल्याकडं ती कुणी वापरत नाही, ही आपली सवय.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर वर्डची कोणतीही नवी फाईल घ्या, तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी असलेली ‘डॉक्स’ ही ओळख पुसून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत एक्सएमएल फाईलींचा ढीग सापडेल. यूपीआयनं चहाचे पैसे देता तेव्हा बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यामध्ये धावणारे संदेशही एक्सएमएलमध्येच असतात.

२. पहिली चाळणी: फाईल वाचता तरी येते का?

तपासणीचे दोन टप्पे असतात आणि बहुतेक गोंधळ हे दोन एकत्र केल्यानं होतो.

पहिल्या टप्प्यात यंत्र फक्त लिखाणाचं व्याकरण पाहतं. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला आहे का, आतला टॅग बाहेरच्याच्या आधी बंद होतो का, सगळ्यांना पोटात घेणारा एकच बाहेरचा टॅग आहे का. हे जमलं की फाईल ‘सुघटित’. इथं गाडी अडली तर प्रोग्रॅम पुढचं वाचतच नाही, आणि ही कडकपणाची अट एक्सएमएल करणाऱ्यांनी जाणूनबुजून घातलेली आहे. वेब पानांच्या बाबतीत ब्राउझर अर्धवट टॅग समजून घेतो, चुका झाकतो. हिशोबाच्या बाबतीत असा समजूतदारपणा महागात पडेल.

व्यापारी गावात इथली सर्वात नेहमीची चूक दुकानाच्या नावातच दडलेली असते. ‘अमुक & सन्स’ किंवा ‘तमुक & कंपनी’. ‘&’ हे चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव आहे. त्यापुढं एखादा संकेत येणार असं यंत्र धरून चालतं, आणि समोर ‘सन्स’ आलं की थांबतं. तयार सॉफ्टवेअर त्या चिन्हाच्या जागी ठराविक पाच चिन्हांचा संकेत आपोआप घालतं. एक्सेलमधून हातानं जुळवलेल्या फाईलीत ते राहून जातं.

३. दुसरी चाळणी: ठरल्याप्रमाणं आहे का?

आता समजा वरच्या पट्टीत वजनाच्या जागी कुणी ‘१४ कट्टे’ लिहिलं. फाईल सुघटितच आहे. टॅग उघडला, बंद झाला, व्याकरणाची तक्रार नाही. पण ज्या प्रोग्रॅमला वजन गुणिले दर करायचं आहे, त्यानं कट्ट्यांचं काय करावं?

म्हणून फाईल पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये आधी एक लेखी ठराव लागतो. कोणते टॅग असणार, कोणत्या क्रमानं, कोणता सक्तीचा, कोणता किती वेळा येऊ शकतो, कुठं आकडा, कुठं तारीख, कुठं ठरलेल्या यादीतलाच शब्द. हा ठराव म्हणजे स्कीमा. फाईल ठरावाशी ताडून पाहणं म्हणजे व्हॅलिडेशन. ताडण्यात उतरली की ती ‘वैध’.

तहसीलच्या खिडकीवरचा कारकून अर्ज घेताना जे करतो तेच हे काम. सगळे रकाने भरलेत का, फोटो चिकटवला का, तारीख योग्य जागी आहे का, एवढं तो बघतो. अर्जात लिहिलेली जमीन खरोखर तुमची आहे का, हे बघणं त्याच्याकडं नाही.

आमच्या पट्टीचा ठराव साध्या मराठीत लिहिला तर असा होईल:

तारीख एकदाच, सक्तीची, आणि कॅलेंडरमध्ये असलेली.
गाव एकदाच, जास्तीत जास्त ४० चिन्हं.
माल फक्त या यादीतून: सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद, मूग, ज्वारी.
वजन शून्यापेक्षा मोठं, दशांशानंतर फार तर दोन स्थळं.
दर आणि रक्कम आकड्यात.
वजावट शून्य ते कितीही वेळा. प्रत्येकीवर ‘कशाची’ ते लिहिलेलं.
निव्वळ एकदाच, सर्वात शेवटी.

एक्सएमएलचा पूर्वज एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याच्याकडून वारशानं डीटीडी नावाची ठराव लिहिण्याची जुनी पद्धत आली. तिला टॅगांचा क्रम कळायचा, पण ‘इथं आकडाच हवा’ हे तिच्यात सांगता येत नसे. वजनात ‘बैल’ लिहिलं तरी ती हरकत घेत नसे. २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा आला, ज्याला लोक एक्सएसडी म्हणतात. त्यात आकडा, तारीख, हो-नाही असे प्रकार आले. त्याच वर्षी जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी रिलॅक्स एनजी ही कितीतरी सुटसुटीत पद्धत मांडली. वाचायला तीच बरी, असं माझं मत. पण सरकारं आणि बँका एक्सएसडीकडं गेल्या, आणि आपल्याला गाठ त्याच्याशीच पडते.

४. ठरावातल्या बारीक अटी

तारखेपासून सुरुवात करू. उदगीरची प्रसिद्ध लढाई, सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती, ३ फेब्रुवारी १७६० ची. आपण ती ०३/०२/१७६० अशी लिहू. अमेरिकेतला वाचक हीच तारीख २ मार्च समजेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून एक्सएसडीनं वादच ठेवला नाही. आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा: 1760-02-03. आपल्या पद्धतीनं लिहिलेली तारीख ही चाळणी परत पाठवते. 2024-11-31 हीसुद्धा, कारण नोव्हेंबरला ३१ तारीख नसते. 2023-02-29 चंही तेच, ते लीप वर्ष नव्हतं.

आकड्यांचं असंच. 35280 चालतं, 35,280 चालत नाही. स्वल्पविराम माणसाच्या डोळ्यासाठी असतात. रिकामा ठेवलेला वजनाचा टॅग हाही आकडा नव्हे, म्हणून तोही नापास. इथं लोक ‘0’ लिहून सुटका करून घेतात आणि खरी गडबड त्यातून होते, कारण ‘वजन शून्य’ आणि ‘वजन माहीत नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती नसेल तर तो टॅगच गाळता यावा, अशी सोय ठरावात आधीच करून ठेवावी लागते.

सर्वात उपयोगी अट म्हणजे नमुना. बँकेचा आयएफएस कोड घ्या. एकूण ११ चिन्हं: पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा अक्षरं किंवा आकडे. पासबुकावरून उतरवताना पाचव्या जागी शून्याऐवजी ‘ओ’ अक्षर टंकलं जातं आणि डोळ्याला फरक दिसत नाही. नमुना ते जागच्या जागी पकडतो. पॅनचंही तसंच: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. व्यक्ती असेल तर ‘पी’, कंपनी असेल तर ‘सी’. फक्त व्यक्तींनी भरायच्या अर्जात चौथ्या जागी ‘पी’च हवा, असं स्कीमात लिहून ठेवता येतं. मग कुणी चुकून आपल्या कंपनीचा पॅन टाकला तर फाईल दारातूनच परत जाते.

५. देवनागरीचे तीन चकवे

इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही, आणि मराठी माहितीची फाईल करणाऱ्याला तो कधी ना कधी आडवा येतोच.

पहिला चकवा आकड्यांचा. एक्सएसडीच्या दृष्टीनं संख्या म्हणजे फक्त 0 ते 9. ‘८.४०’ असं देवनागरीत लिहिलेलं वजन तो संख्या मानत नाही. इथवर ठीक. पण पिनकोडासारखी गोष्ट संख्या म्हणून न लिहिता नमुना म्हणून लिहितात: ‘सहा आकडे’. नमुन्यात ‘कोणताही आकडा’ असा अर्थ असलेला एक लोकप्रिय संकेत आहे, आणि एक्सएसडीत त्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही लिपीतला आकडा असा होतो. म्हणजे उदगीरचा पिन 413517 असा लिहिला तरी पास आणि ४१३५१७ असा लिहिला तरी पास! पुढं डेटाबेसमध्ये शोधताना मात्र ही दोन वेगळी गावं होतात. उपाय सोपा आहे: नमुन्यात तो संकेत न वापरता ‘0 ते 9 यांपैकी’ असं स्पष्ट लिहायचं. स्कीमा लिहिणाऱ्यानं देवनागरी कधी पाहिलेलीच नसेल तर त्याला हे सुचणार कसं?

दुसरा चकवा लांबीचा. ‘देवर्जन’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं: दे, व, र्ज, न. यंत्र मात्र द, मात्रा, व, र, हलन्त, ज, न अशी सात चिन्हं मोजतं. ‘श्रीकृष्ण’ आपल्या लेखी तीन अक्षरं, त्याच्या लेखी नऊ चिन्हं. नावाला २५ ची मर्यादा इंग्रजीत ऐसपैस वाटते. मराठीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून ती सहज ओलांडली जाते.

तिसरा सर्वात लबाड. ‘शेतकऱ्याचं’ हा शब्द टाईप करताना त्यातला अर्धा ‘ऱ’ दोन-तीन वेगळ्या रीतीनं साठवला जाऊ शकतो. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. यंत्र दिसण्यावर जात नाही, साठवलेले संकेत जसेच्या तसे ताडतं. उघडताना एका कीबोर्डवर आणि बंद करताना दुसऱ्या कीबोर्डवर लिहिलेला टॅग त्याच्या मते दोन वेगळे टॅग असतात. मालाच्या यादीतल्या शब्दांनाही हेच लागू आहे. शिवाय ‘सोयाबीन’ पुढं चुकून राहिलेली मोकळी जागा यादीशी जुळत नाही, आणि ती तर दिसतही नाही.

कृतीदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये लिहिलेल्या जुन्या फाईलींची कथा आणखी वेगळी. तिथं मराठी फक्त दिसण्यापुरती असते. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. अशी फाईल ‘कोणताही मजकूर चालेल’ एवढ्याच अटीच्या रकान्यातून बिनबोभाट पास होते आणि दुसऱ्या टोकाला अगम्य मजकूर बाहेर पडतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकी सगळं.

६. चुकांची यादी आली, आता?

व्हॅलिडेशनसाठी पैसे खर्चावे लागत नाहीत. एक्सएमएललिंट हा छोटा प्रोग्रॅम फुकट आहे. फाईल आणि स्कीमा दोन्ही त्याच्या हाती दिले की तो ओळ क्रमांकासह चुका सांगतो. नोटपॅड प्लस प्लसला एक्सएमएलची जोडणी बसवली तरी काम भागतं. टीडीएसचं विवरणपत्र भरणाऱ्यांना ‘एफव्हीयू’ ठाऊक असतो. त्यांची फाईल एक्सएमएल नसते, पण तो प्रोग्रॅमही पाठवण्याआधी ठरावाशी ताडण्याचंच काम करतो.

यादी लांबलचक असेल तर घाबरू नये. वरून पहिली चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवायचं. एक टॅग जागचा हलला की त्यामागचे सगळे ‘अनपेक्षित’ ठरतात आणि एका चुकीच्या पंधरा ओळी होतात. आमच्या पट्टीत ‘निव्वळ’ हा टॅग वजावटींच्या आधी टाकून पाहा. यंत्र ‘निव्वळ’ला दोष न देता त्यापुढच्या ‘वजावट’ टॅगला देईल: हा इथं अपेक्षित नव्हता. कारण वजावटी शून्यही असू शकतात, म्हणून ‘निव्वळ’ आला तेव्हा यंत्रानं वजावटी नाहीतच असं धरलं. त्यामुळं चुकीची ओळ दाखवली की तिच्या वरच्या दोन-चार ओळीही पाहाव्यात.

तक्रार ‘हा टॅग ओळखीचाच नाही’ अशी असेल आणि टॅग तर डोळ्यासमोर बरोबर दिसत असेल, तर फाईल एका वर्षाच्या स्कीमाची आणि तपासणी दुसऱ्या वर्षाच्या स्कीमाशी, हा संशय आधी घ्यावा. आयकर खात्याचे अर्ज वर्षागणिक बदलतात आणि त्यांचे स्कीमाही.

७. वैध फाईल खोटी असू शकते

आमच्या पट्टीत निव्वळ रक्कम 35070 ऐवजी 53070 लिहा. टॅग बरोबर, क्रम बरोबर, आकडा हा आकडाच. फाईल वैध! २००१ च्या एक्सएसडीला एका रकान्याचा दुसऱ्याशी संबंध लावून ‘रक्कम वजा वजावटी बरोबर निव्वळ’ असं गणित विचारता येत नसे. त्यासाठी रिक जेलिफ यांनी १९९९ मध्ये स्कीमाट्रॉन तयार केलं. त्यात नियम ‘असं असेल तर तसं असलंच पाहिजे’ या वाक्यांसारखे लिहितात. ५ एप्रिल २०१२ रोजी आलेल्या एक्सएसडी १.१ मध्येही अशी सोय झाली, पण बरीच सॉफ्टवेअरं जुन्याच आवृत्तीवर राहिली. म्हणून आयकर खातं अर्जाच्या स्कीमासोबत व्हॅलिडेशनच्या नियमांची वेगळी यादी देतं. बेरजा आणि परस्परसंबंध त्यात असतात.

आधार क्रमांकाचं उदाहरण बोलकं आहे. तो १२ आकडी असतो, हे नमुना तपासतो. पण त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. त्याची रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये दिली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले की हिशोब जुळत नाही. नमुन्याला हे कळत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. आणि त्या प्रोग्रॅमलाही हा क्रमांक समोर बसलेल्या माणसाचाच आहे का, हे कळत नाही.

ही माहिती नक्की कुणी दिली आणि वाटेत कुणी बदलली नाही ना, हा प्रश्न तर पूर्ण वेगळा. त्याचं उत्तर डिजिटल सही देते. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीच्या एक्सएमएल फाईलीवर अशी सही असते. स्कीमाशी जुळलेली पण सही नसलेली फाईल कुणीही घरी बसून बनवू शकतो.

८. अट घालणारा माणूस

आकारणी वर्ष २०२०-२१ पर्यंत आयकराची ऑफलाइन युटिलिटी एक्सएमएल फाईल बनवायची. २०२१-२२ पासून तिची जागा जेसन या आटोपशीर मांडणीनं घेतली. जीएसटीची ऑफलाइन फाईलही जेसनच. कंसांचा आकार बदलला, स्कीमा राहिला. जेसनलाही स्वतःचा स्कीमा असतो. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद मात्र कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं एक्सएमएलवर उभ्या असलेल्या एक्सबीआरएल पद्धतीनं जातात.

मांडणी कोणतीही घ्या, कोणता रकाना सक्तीचा हे यंत्र ठरवत नाही. कुणीतरी कार्यालयात बसून ठरवतं. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन स्थळं राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. उदगीरहून बीदर फार दूर नाही, इथल्या व्यापाऱ्याचे ग्राहक दोन्ही बाजूंना असतात. बिलाच्या स्कीमात ‘ग्राहकाचा क्रमांक २७ नंच सुरू व्हावा’ अशी अट पुण्यात बसलेल्या प्रोग्रॅमरनं सहज घातली, तर इथलं अर्धं दुकान अडेल. चूक यंत्राची दिसेल, असेल त्या अटीची.

नावांचं याहून अवघड आहे. पॅनच्या अर्जात आणि आयकराच्या विवरणपत्रात नावाचे तीन रकाने असतात, आणि सक्तीचा असतो तो आडनावाचा. पहिलं नाव रिकामं चालतं. स्कीमा लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की त्याच रकान्यात संस्थेचं नावही बसवायचं असतं. पण ज्या बाईच्या कागदपत्रांवर आडनाव कधी लागलंच नाही, किंवा ज्या माणसाला गाव आणि रेशनकार्ड दोन्ही एकाच शब्दानं ओळखतात, त्यांनी काय लिहायचं? ते आपलं एकुलतं नाव आडनावाच्या रकान्यात लिहितात, पहिल्या नावाची जागा मोकळी सोडतात, आणि फाईल वैध ठरते. पुढं बँकेच्या अर्जात तेच नाव पहिल्या रकान्यात असतं, दोन नोंदी जुळत नाहीत, आणि ती व्यक्ती पुन्हा कर सल्लागाराच्या टेबलासमोर येऊन बसते. असा स्कीमा लिहायची वेळ तुमच्यावर आली तर ‘पूर्ण नाव’ असा एकच सक्तीचा रकाना ठेवा, आणि आडनाव वेगळं हवंच असेल तर त्याची किमान संख्या शून्य लिहा.